नारळावरचा हात

८ सप्टेंबर २०२४, सर्वण

काल चवथ. नेहमीप्रमाणे आधी आमच्याकडे आरती, मग सगळे मिळून गोकुळदासच्या घरी. गोकुळदास मातीचं घुमट वाजवायला बसला की आरतीला काय रंग चढतो ते गावातल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. काल मात्र तो चुकला. ताल सुटला, धरला, पुन्हा सुटला. शेवटी त्याने घुमट पुतण्याच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः उजवा हात काखेत खुपसून बसला.

मी सोडतो की काय! भर आरतीत म्हटलं, "काय रे, ताल म्हापशाच्या बाजारात विसरून इलंस?"

सगळे हसले. तोही हसला. म्हणाला, "बोटाक नखुर्डा झाला हा."

बोटाला ना हळद होती, ना चिंधी. वय झालं म्हणायला लाजतो झालं. आम्ही एकाच बाकावर बसून शाळा शिकलो. मी तुयेच्या कारखान्यात लागलो, त्याने डिचोलीला गॅरेज टाकलं. माझ्या हाती आलेली प्रत्येक गाडी त्याच्याच हाताखालून गेली. आजवर दुसऱ्या कुणाला मी बॉनेटही उघडू दिलेलं नाही.

१९ नोव्हेंबर

गाडी सर्व्हिसिंगला दिली होती, आज आणली. घरी येईपर्यंत जळका वास. बॉनेट उघडून बघतो तर इंजिनावर तेलकट फडकं तसंच! पेटलं असतं म्हणजे?

फोन केला. म्हणाला, "राहिला असतला रे. सॉरी." एवढंच. पूर्वीचा गोकुळदास असता तर स्वतः धावत आला असता आणि वर मलाच चार शिव्या दिल्या असत्या.

त्याने दाढी वाढवलीय. जन्मभर इस्त्रीचा सदरा घालणारा माणूस हल्ली टी-शर्टात दिसतो. गॅरेजात उजवा हात पँटच्या खिशात घालून उभा असतो, जणू मोठा शेठच. मी म्हटलं, "साधू होतंस की पुढारी? एक कायतरी ठरय." घरी येऊन बायकोला, कमलला, ही गंमत सांगितली तर ती हसली नाही. हिला हल्ली माझे विनोद कळत नाहीत.

१२ जानेवारी २०२५

ब्रेक ऑइल बदलताना गोकुळदासने ते पुढच्या पत्र्यावर सांडलं आणि वेळेवर पुसलंही नाही. तळहाताएवढा रंग गेला. पांढऱ्या गाडीवर आता कोड फुटल्यासारखा डाग दिसतो.

मी जन्मभर कारखान्यात तपासणीवर होतो. माल पुढे जाण्याआधी त्यातली खोट काढायची, हेच माझं काम. तिथे हे असलं काम आलं असतं तर मी करणाऱ्याला उभं केलं असतं. पण इथे मैत्री आडवी येते.

कमल म्हणाली, "पुढच्या खेपेक त्या गणेशाकडे द्या ना. तो बरो करता म्हणतत."

गणेश गोकुळदासच्या गॅरेजातला, बेळगावचा मेकॅनिक. माणूस चांगला आहे. पण मी गोकुळदासला तसं सुचवलं तर तो एकदम कडक झाला. "तुझी गाडी मीच करतलंय. दुसरो कोण हात लावचो नाय." मग कर की नीट! हे मात्र मी मनातच म्हटलं.

२२ फेब्रुवारी



आज गौरवीला बाळंतपणासाठी माहेरी आणलं. लाटंबार्सेला तिच्या सासरी फुलं माळण्याचा कार्यक्रम होता. सातवा महिना. जेवणं आटोपली, तिची ओटी भरली, आणि लेकीला गाडीत बसवून आम्ही निघालो. केसांतल्या अबोलीने तिचं डोकं झाकून गेलं होतं. कमल मागे तिचा हात धरून बसली होती.

कासारपालचा उतार लागला तशी गाडी डावीकडे ओढू लागली. स्टेअरिंग थडथडायला लागलं. खालून टकटक आवाज. कशीबशी बाजूला घेतली. उतरून बघतो तर पुढचं डावं चाक लुळं. नट बोटांनी फिरत होते. एक तर कुठेतरी पडूनच गेलेला. कालच गोकुळदासने चाकं काढून ब्रेक साफ केले होते.

अजून थोडं पुढे गेलो असतो तर चाक निखळलं असतं. खाली ओहोळ आहे. गौरवी मागून विचारत होती, "बाबा, काय झाला?" मी म्हटलं, "काय नाय, पंक्चर." 

२३ फेब्रुवारी

गॅरेज उघडायच्या आधीच जाऊन उभा राहिलो. गोकुळदास स्कूटरच्या मागे बसून आला, सुमंगलावहिनी चालवत होती. मी वहिनीचीही भीड ठेवली नाही. रस्त्यावरची माणसं थांबेपर्यंत बोललो.

त्याने सगळं ऐकून घेतलं. वहिनी काही बोलणार होती, तिला त्याने डोळ्यांनी गप्प केलं. मग म्हणाला, "सगुण, नट मी आवळलेलंय. माझ्या हातान."

"आवळलेले नट आपसूक सुटतत?"

"ता माका सांगूक येणा नाय. पण मी आवळलेलंय."

चूक झाली म्हणाला असता तर मी सोडून दिलं असतं. खरंच दिलं असतं. पण माझी लेक पोटुशी त्या गाडीत होती, आणि हा मला खोटं सांगत होता. तेही माझ्याकडे बघून, पन्नास वर्षांची ओळख असताना. माझ्या तोंडून निघालं, "असा? मग देवळात येऊन सांग."

त्याचा चेहरा उतरला.  मग म्हणाला, "येतंय."

२ मार्च

झालं ते.

आमच्याकडे भांडण असं देवळात गेलं की ते साधं राहत नाही. देवीला गाऱ्हाणं घालणाऱ्या विठ्ठल घाडीने आम्हा दोघांना देवीसमोर समोरासमोर उभं केलं. ताटात नारळ. दोघांनी त्यावर उजवा हात ठेवायचा, आपलं म्हणणं सांगायचं, आणि खरं-खोटं देवीवर सोपवायचं. रविवार होता, अर्धा गाव जमला होता.

मी हात ठेवला. जे घडलं ते सांगितलं.

गोकुळदासने डावा हात पुढे केला. विठ्ठल ओरडला, "उजवो! देवासमोर डावो हात?" तेव्हा त्याने उजवा हात खिशातून काढला. आणि तो नारळावर ठेवताच नारळ ताटात खडखडू लागला.

देवळात फक्त तो खडखडाट. गोकुळदासने दातओठ खाल्ले, दुसऱ्या हाताने मनगट दाबलं, तरी हात थांबेना. "मी नट आवळलेलंय," तो म्हणाला, पण कोण ऐकत होतं! सगळे त्या हाताकडे बघत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "देवीन दाखयल्यान."

विठ्ठलने गाऱ्हाणं घातलं. आण पडली. ती सुटेपर्यंत त्याच्या घरचं पाणी माझ्या घरातल्यांनी प्यायचं नाही, माझ्या घरचं त्याच्या घरातल्यांनी नाही. सोडवायची तर दोघांनी पुन्हा येऊन असाच नारळावर हात ठेवायचा.

लबाडाचा हात देवासमोर कापतो, हे लहानपणापासून ऐकत होतो. आज डोळ्यांनी पाहिलं. मला वाटलं होतं, बरं वाटेल.

९ मार्च

बरं वाटत नाही. बाजारात जो तो मला थांबवून विचारतो, आणि मला सांगावं लागत नाही, त्यांनाच सगळं ठाऊक असतं. प्रत्येक जण हात थरथरवून दाखवतो आणि हसतो. मी पण हसलो एकदा. घरी आल्यावर कमल म्हणाली, "झाला मनासारखा?" आणि ताट वाढून आत निघून गेली. ही कुणाच्या बाजूची आहे तेच कळत नाही.

२१ एप्रिल

गौरवीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. देवीची कृपा.

आज सुमंगलावहिनी बाळ बघायला आली. बाळासाठी स्वतः शिवलेलं टोपरं आणलं होतं. बलकांवात, दारापुढच्या ओसरीत, दगडी सोप्यावर टेकली. कमलने सवयीने पाणी आणि गुळाचा खडा आणला आणि दारातच थबकली. वहिनी म्हणाली, "असू दी गे." एवढ्या उन्हातून चालत आली होती. पाण्याचा तांब्या तिथेच राहिला. त्या दोघींनी एकमेकींकडे असं पाहिलं की मला उठून मागच्या परसात जावं लागलं. आण आम्हा पुरुषांची, आणि तहानली ती.

१४ मे

गॅरेजला कुलूप आहे. आठवडाभर बघतोय. शपथेत हात थरथरलेल्या माणसाकडे गाडी कोण देणार? गणेश म्हणे तुयेला कुठल्याशा वर्कशॉपात लागला.

मला एवढं नको होतं. त्याने फक्त "चुकलंय" म्हणावं, इतकंच हवं होतं.

गाडी म्हापशाला एका मोठ्या सर्व्हिस सेंटरात दिली. तिथे थंडगार खोली, कॉफी, सगळे "सर, सर" करतात. काचेपलीकडे कोण काम करतं ते आपल्याला दिसत नाही. संध्याकाळी गाडी आली तर एका चाकाची टोपी गायब आणि दारावर नवा ओरखडा. मी दाखवलं. टाय घातलेली मुलगी म्हणाली, "आधीपासूनच असणार, सर." मी म्हटलं, "ठीक आहे."

ठीक आहे! घरी येईस्तोवर या दोन शब्दांनी माझा पिच्छा सोडला नाही. तिला मी कुठल्या देवळात नेणार होतो?

१७ जून

आज डिचोलीच्या बाजारात पाऊस चुकवायला एका हॉटेलात शिरलो. कोपऱ्यातल्या टेबलावर गोकुळदास, माझ्याकडे पाठ करून. मी खांबाआड बसलो. निघून जायला हवं होतं, पण बाहेर धो धो कोसळत होतं.

त्याच्यासमोर पातळ भाजी, पाव आणि चहा होता. आजूबाजूला कुणी बघत नाही ना, याची त्याने खात्री केली. मग कप टेबलावरच ठेवून तोंड खाली नेलं आणि गुरासारखा चहा प्यायला. उजवा हात टेबलाखाली. नंतर पाव तोडायला तो हात वर काढला. हात थडथडत होता. पावाचा तुकडा भाजीत बुडवून तोंडापर्यंत नेताना निम्मी भाजी टी-शर्टावर आली. त्याने ती पुसली. परत प्रयत्न केला. परत सांडली. मग पाव तसाच टाकून तो बसून राहिला.

तिथे देवी नव्हती. नारळ नव्हता. कोणी काही विचारलं नव्हतं.

मी मागवलेली भजी पुढ्यात आली. मला ती खाववली नाहीत.

१८ जून

हॉटेलात बघितलेलं कमलला सांगितलं, तर तिला सगळं ठाऊक होतं! गेल्या चवथीपासून. वहिनीने रडत रडत तिला सांगितलं होतं आणि कुणाला न सांगण्याचं वचन घेतलं होतं. मेंदूचा आजार आहे. हातातली ताकद जाते, कंप सुटतो. औषधं चालू आहेत, पण पूर्ण बरा होणार नाही. दाढी करता येत नाही म्हणून दाढी. बटणं लावता येत नाहीत म्हणून टी-शर्ट. फडकं, ब्रेक ऑइल, सगळं डोळ्यांसमोर आलं. आणि मी भर आरतीत त्याची चेष्टा केली होती.

"माका कित्याक सांगलंस नाय?"

"वचन दिलेला मी. आणि सांगले असते तर तुमी ऐकतले असते? गॅरेजात जावन पयली त्याचीच खोट काढतले असते."



मग तिने वहिनीकडून मागाहून कळलेली आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. गौरवीला आणायच्या आदल्या दिवशी गणेश म्हणत होता, शेठ, चाकं मी बसवतो. गोकुळदासने ऐकलं नाही. सगुणची गाडी आहे, लेकीला आणायला जायचंय, दुसऱ्याच्या हाती देणार नाही, म्हणाला. खाली बसून, घाम गाळून त्याने एकेक नट स्वतः आवळला. त्याला वाटलं, घट्ट बसले.

म्हणजे तो खोटं बोलला नव्हता. देवीसमोरही नाही. सगळ्या देवळात एकटा मीच असा होतो की ज्याने त्याला ओळखायला हवं होतं.

६ जुलै

हिय्या करून त्याच्या घरी गेलो. तो बलकांवात बसला होता. मला बघून हात उशीखाली घातला. मी म्हटलं, "काढ भायर. माका कळला." त्याने काढला नाही.

मी माफी मागितली. आयुष्यात फार जणांची मागितलेली नाही, त्यामुळे नीट जमलीही नसेल. म्हटलं, रविवारी देवळात जाऊ, आण सोडवू, मी सगळ्यांसमोर सांगतो की हा आजार आहे, लबाडी नव्हे.

"नको."

"अरे, गाव तुका लबाड म्हणता!"

"म्हणांदे. लबाड म्हटला तर चलता माका. बिचारो म्हटलेला चलना नाय." तो दूर पोफळीकडे बघत बोलत होता. "आज माका बघून लोक तोंड फिरयतत. कळला तर जवळ येवन हात धरतले, माका चाय पाजतले. ता नको. आणि तो हात परत नारळार ठेवचंय नाय मी. एकदा ठेवलंय तुझ्यासाठी."

"मग मी एकटो सोडवतंय."

"एकट्याक सुटणा नाय ती. विठ्ठलाक विचार."

विचारायची गरज नव्हती, मलाही ठाऊक होतं.

 चढ चढून आलो होतो, घसा सुकला होता. वहिनी दारात आली, माझ्याकडे बघितलं आणि तशीच परत आत गेली. पूर्वी या घरात मी पाणी मागत नसे, आत जाऊन माठातून घेत असे.

निघताना तो म्हणाला, "पत्र्यार डाग पडलो तेका रंग मारून घी. गंज धरतलो."

२ ऑगस्ट

बाजारात कुणीतरी परत हात थरथरवून दाखवला. मी त्याच्यावर असा ओरडलो की तो घाबरला. "तुका काय खबर आसा रे?" म्हटलं. तो म्हणाला, "तूच तर देवळात नेलंस त्याका." लोक बघायला लागले. मला तोंड उघडता येत नव्हतं. सांगितलं तर त्याचा शब्द मोडतो, आणि न सांगितलं तर मी घातलेला डाग त्याच्यावर तसाच राहतो. दोन्हीकडून मीच अडकलोय आणि ते योग्यच आहे.

२७ ऑगस्ट, चवथ

आमची आरती लवकर आटोपली. दरवर्षी इथून सगळे गोकुळदासकडे जातात. यंदाही गेले, देवाची आरती कुणी टाळत नाही. मी आणि कमल मागे राहिलो. ती गणपतीवर बांधलेल्या फळांच्या माटोळीखाली समईत तेल घालत बसली. मला बसवेना. "मी जरा येतंय," म्हणून बाहेर पडलो. कुठे, ते तिने विचारलं नाही.

त्याच्या घराखालच्या रस्त्यावर उभा राहिलो. आरती ऐकू येत होती. घुमट पुतण्या वाजवत होता. बरा वाजवतो पोरगा, पण तो हात नव्हे. गोकुळदासचं घुमट वाजायचं तेव्हा माझे पाय आपोआप हलायचे. आज हलले नाहीत. डोळे मात्र भरून आले आणि मी ते तसेच वाहू दिले, अंधारून आलं होतं.

आरती संपली. माणसं प्रसाद खात खाली उतरली, मला बघून बाजूने पुढे गेली. मीही वळणार, इतक्यात वर दारात गोकुळदास दिसला. वहिनी मागे प्रसादाचं ताट घेऊन होती. तिने पुढे यायला पाऊल उचललं, पण त्याने तिला थांबवलं. ताटातली मूठ स्वतः भरली आणि तो पायऱ्या उतरू लागला. हल्ली तो पावलं घासत चालतो. प्रत्येक पायरीवर मुठीतून खोबरं, चणाडाळ, गूळ गळत होतं.

तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. रस्त्यावर अजून माणसं होती. त्याने हात लपवला नाही.

"देवाचो प्रसाद," तो म्हणाला. "घरचो न्हय. हेका आण लागणा नाय. घी."

मी दोन्ही हात पुढे केले. माझ्या ओंजळीवर त्याची मूठ थरथरत राहिली, उघडता उघडेना. मी ती धरावी की नाही ते मला कळेना. 'बिचारो म्हटलेला चलना नाय,' असं तो म्हणाला होता. म्हणून मी फक्त ओंजळ मोठी केली.

मूठ उघडली. जे उरलं होतं ते पडलं, थोडं ओंजळीत, बाकीचं खाली.

"मी नट आवळलेलंय, सगुण," तो हळू आवाजात म्हणाला.

"माका ठावक आसा."

त्याने मान हलवली आणि तो परत पायऱ्या चढू लागला. मला त्याच्यामागे जायचं होतं. गेलो नाही. प्रसाद पायाखाली येऊ द्यायचा नसतो, म्हणून वाकून पायऱ्यांपर्यंतचा एकेक कण वेचला, मातीसकट तोंडात टाकला. गूळ होता, घशाला लागला. वर वहिनी अजून दारात उभी होती, तिच्या बाजूला पाण्याचा माठ दिसत होता.

पाणी घरी येऊन प्यायलो.